कानदादांना वेळ कुठे आहे?

तिसऱ्या मजल्यावरच्या बाई रोज दुपारी कपाटात जाऊन बसतात, ही बातमी इमारतीत फुटली तेव्हा लोकांनी ती आठवडाभर चघळली. कुणी म्हणालं, नवऱ्याशी बिनसलंय. कुणी सासूवर ढकललं. तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंनी तर थेट डोक्यापर्यंत नेऊन पोचवलं. खरं कारण अगदीच बेचव होतं. बाईंना शांतता हवी होती, आणि त्या घरात ती फक्त भिंतीतल्या कपाटात, टांगलेल्या कोटांच्या आणि रजयांच्या आड मिळायची.

बाई चौदा वर्षं एका ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत होत्या. लोक माइकपुढे बोलून निघून जात, आणि त्यांनी मागे टाकलेला पसारा बाई आवरत. खोकला, गिळलेला आवंढा, खुर्चीची कुरकुर, बाहेरून गेलेली मोटारसायकल, सगळं उपसून काढायचं आणि फक्त बोलणं ठेवायचं. पुढे स्टुडिओ बंद पडला. मालकाने त्या जागेत व्यायामशाळा काढली. बाई हेडफोन आणि जुना संगणक काखोटीला मारून घरी आल्या. घरी सासूबाई होत्या. त्यांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे टीव्ही सगळ्या मजल्याने मिळून ऐकायचा. म्हणून कपाट.

जागा झाली, पण काम? काम आता गप्पांच्या गटांत मिळतं, असं बाईंना कुणीतरी सांगितलं. असे ऑनलाइन गट असतात. घरात बसून ऐकायचे कार्यक्रम करणारी माणसं तिथे जमतात, एकमेकांना अडचणी विचारतात, आणि ज्याला आवाज साफ करून हवा तो तिथेच माणूस शोधतो. बाई एका मोठ्या गटात शिरल्या. तिथे टोपणनाव घ्यावं लागतं, म्हणून ‘तिसरा कान’ असं घेतलं.

गटाचा एक प्रमुख होता. सगळे त्याला मुकादम म्हणत. त्याचा नियम कडक होता. आल्या आल्या काम मागायचं नाही. आधी लोकांच्या शंभर प्रश्नांना फुकट उत्तरं द्यायची. शंभर भरली, की शनिवारी उघडणाऱ्या फलकावर ‘मला काम हवंय’ अशी एक पाटी लावायला मिळणार.

बाईंना वाटलं, शंभर म्हणजे काय, महिन्याभराचा खेळ. लागले चार महिने. कारण प्रश्न एका ओळीचा असायचा आणि त्यासोबत ऐकायला मात्र तासाभराचं ध्वनिमुद्रण. ‘एक मिनिट कान द्या ना’ असं म्हणत जो तो आपला पसारा बाईंच्या दारात आणून ओतायचा. बाई ऐकायच्या आणि मोजकं लिहायच्या. ‘माइक चार बोटं लांब घ्या.’ ‘मागे पंखा चालू आहे.’ एका घड्याळजींना तर त्यांनी लिहिलं, ‘तुमच्या मागे फ्रीज आहे आणि त्याचा एक पाय आखूड आहे. खाली पुठ्ठा सरकवा.’ घड्याळजी जुनी घड्याळं दुरुस्त करता करता त्यांच्या मालकांच्या गोष्टी सांगणारा कार्यक्रम करत. त्यांनी फ्रीज हलवून पाहिला, तर खरंच डुगडुगत होता! गटात नुसता जयजयकार झाला.

तेव्हापासून सगळे त्यांना कानदादा म्हणायला लागले.

पहिल्यांदा कुणी दादा म्हणालं तेव्हाच बाईंनी दुरुस्त करायला हवं होतं. पण कामाचा माणूस होता, उगाच कुठे त्याला ओशाळं करायचं, म्हणून राहिलं. पुढे दहा जण म्हणायला लागले, मग शंभर. आता सांगायचं तर बाईंनाच ओशाळं वाटायला लागलं. एवढं कळणाऱ्या माणसाचा मोठा स्टुडिओ असणार, हाताखाली चार माणसं असणार, हे लोकांनी आपापसांतच ठरवून टाकलं. कानदादा मात्र गुडघे पोटाशी घेऊन सासूबाईंच्या लोकरी कोटाला टेकलेले असत.

इकडे घरात वेगळीच घाई होती. नणंदेच्या नवऱ्याचं फरशांचं दुकान. तिथला गल्ल्यावरचा माणूस सोडून चालला होता.

“वहिनी, रविवारपर्यंत सांगा हं,” नणंद म्हणाली होती. “नाहीतर हे दुसरा बघतायत. कपाटात बसण्यापेक्षा खुर्चीवर बसाल. उजेड तरी असेल दुकानात.”

बाई एकदा ते दुकान पाहून आल्या होत्या. गल्ल्याच्या मागेच फरशी कापायचं यंत्र. दिवसभर त्याची ती किंकाळी. त्या अर्धा तास थांबल्या आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्या कानात शिट्टी वाजत राहिली. एवढ्या वर्षांत कमावलेली एकच गोष्ट होती, कान. ती त्या यंत्रापुढे दोन वर्षंही टिकली नसती. हे नणंदेला कसं सांगणार? ती म्हणाली असती, कापूस घाला.

म्हणून सगळी मदार शनिवारच्या पाटीवर होती. गुरुवारी दुपारी शंभरावं उत्तर झालं. बाईंनी पाटीचा मजकूर कागदावर लिहून ठेवला, चारदा खोडला, पाचव्यांदा लिहिला.

आणि शुक्रवारी मुकादमांचा निरोप आला. ‘कानदादा, तुमच्यासारखा माणूस गटाला भाग्याने मिळतो. तुम्हाला रखवालदार नेमत आहोत. मान्य?’

बाईंनी ‘हो’ दाबलं. सन्मानाने कुणी काही दिलं तर नाही कसं म्हणायचं! मग खालची बारीक अक्षरं वाचली. रखवालदाराने फलकावर पाटी लावायची नाही. नाहीतर सगळी कामं रखवालदारच लाटतील. नियम अगदी रास्त होता. बाईंनी डोकं मागे टेकलं, तर कोटाचं बटण टोचलं.

संध्याकाळी नवरा घरी आला. तो लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा, हात कायम ग्रीसचे.

“झाली पाटी तयार?” त्याने विचारलं.

“मला बढती मिळाली.”

“अरे वा!”

“अरे वा नाही हो. आता पाटी लावता येत नाही. दुसऱ्यांच्या चुकीच्या पाट्या काढायच्या.”

तो बराच वेळ साबण चोळत राहिला. “म्हणजे फुकटचं काम वाढलं,” तो म्हणाला.

“हो.”

“मग तू हो का म्हणालीस?”

“तुम्ही त्या बारा मजली इमारतीत हो का म्हणालात? अजून रविवारी बोलावतात फुकट.”

त्याने नळ बंद केला. दोघंही एकाच मातीचे, बोलणार कोण!

शनिवारी दुपारी फलक उघडला. बाई पहाऱ्याला. दोन तासांत त्यांनी सात पाट्या काढल्या. शंभर उत्तरं न देता घुसलेल्या एका नव्याने तर हात जोडले, दादा, एकदा राहू द्या ना. बाईंनी त्याची पाटी दोनदा वाचली, पण नियम तो नियम. तेवढ्यात घड्याळजींचं लिखाण आलं.

‘माझ्या कार्यक्रमाचा आवाज साफ करायला माणूस हवा आहे. दर आठवड्याला एक भाग, निदान वर्षभर. खरं तर मनात कानदादाच होते. पण त्यांना विचारायची हिंमत नाही. त्यांना वेळ कुठे आहे?’

खाली लगेच झुंबड उडाली. मी करतो, मी स्वस्तात करतो, मी उद्यापासून करतो. एकाने तर लिहिलं, ‘कानदादांच्याच पद्धतीने करून देतो, सगळं त्यांच्याकडूनच शिकलोय.’

बाईंनी चार शब्द टाइप केले, पुसले. परत केले, परत पुसले. कपाटाचं दार किलकिलं झालं आणि चहाचा कप आत आला, मागून नवऱ्याचं डोकं. त्याने संगणकाचा पडदा वाचला. वाचायला त्याला वेळ लागतो, पण वाचलं.

“अगं, लिफ्टमध्ये अडकलेला माणूस काय करतो?” तो म्हणाला.

“काय करतो?”

“बेल वाजवतो. काही जण नाही वाजवत. लोकांना कशाला त्रास, म्हणून उभे राहतात. एक जण चार तास उभा होता. मी दार उघडलं तर मलाच सॉरी म्हणाला.”

तो गेला. चहा निवला. बाईंनी फलकावर लिहिलं: ‘मी कान. मला वेळ आहे. भरपूर आहे. काम हवं आहे.’ खाली घरचा फोन नंबर टाकला आणि पाठवून दिलं.

मग रखवालदार म्हणून स्वतःचीच पाटी काढायला हवी होती. बाईंनी संगणकावरच्या घड्याळात बघून दोन मिनिटं जाऊ दिली आणि काढली. खाली रीतसर कारणही लिहिलं, ‘रखवालदाराने नियम मोडला.’

मुकादम पेटलेच. रखवालदारी गेली, वर तीस दिवस गटात एक अक्षर लिहायचं नाही अशी शिक्षा झाली. चार महिन्यांतली पहिली सुट्टी! बाईंनी शिक्षेबद्दल आभार मानायला बोटं उचलली, पण लिहायची बंदी लागू झाली होती.

अंधार पडायच्या आत फोन आला.

“कानदादांचं घर का? त्यांच्या घरच्या बोलताय? दादांना द्या जरा. घड्याळजी बोलतोय.”

“मीच दादा,” बाई म्हणाल्या.

पलीकडे एवढी शांतता पसरली की बाईंना बरं वाटलं.

“ताई, म्हणजे तुम्ही... एवढे महिने मोकळ्या होतात?”

“मोकळीच होते.”

“मग बोलला नाहीत ते?”

“बोलायचा नियम नव्हता.”

घड्याळजी हसले. म्हणाले, पहिला भाग उद्या सकाळी पाठवतो.

रविवारी नणंद आली ती चप्पल काढता काढताच विचारत आली. “मग वहिनी, ठरलं ना?”

“नाही हो वन्सं. मला काम मिळालं.”

“किती जणांचं?”

“एकाचं.”

“एकाचं!” नणंदेने आईकडे पाहिलं. सासूबाईंना काही ऐकू आलं नव्हतं, तरी त्यांनी मान हलवली, दोन्ही बाजूंना पुरेल अशी. “यांना काय सांगू मी? एका माणसासाठी नाही म्हणाल्या?”

“तसंच सांगा.”

नणंद चहा न घेता गेली. बाईंना वाटलं होतं, नाही म्हटल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. नुसती झोप आली. त्यांनी डोळ्यांवर पाणी मारलं, कपाटात शिरल्या, दार ओढून घेतलं आणि घड्याळजींचा पहिला भाग लावला.

फ्रीजचा आवाज पार गेला होता. सांगितल्याप्रमाणे पुठ्ठा सरकवला होता, पाय बरोबर झाला होता. आणि इतके दिवस त्या फ्रीजच्या घुरघुरीखाली जे दबलं होतं ते आता मोकळं झालं होतं. घड्याळजींच्या मागच्या भिंतीवरची घड्याळं. चाळीस तरी असतील. एकही दुसऱ्याशी जुळत नव्हतं.

भाग पन्नास मिनिटांचा होता. बाईंनी कोटाचं बटण पाठीमागून बाजूला सारलं, सुरुवातीला गेल्या आणि पहिली टिकटिक पकडली.