पोलादाचा डावा बूट

इस्पितळांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत ती इस्त्रीच्या यंत्रावर काम करते. सगळे तिला ताई म्हणतात, वयाने तिच्याहून वीस वर्षांनी मोठी असलेली शेजारची शिंपीण मावशीसुद्धा. ताईला जन्मापासून वेदना कळत नाही. तिच्याहून सहा वर्षांनी धाकट्या भावालाही कळत नाही. एकाच जनुकाच्या आईकडून आणि बापाकडून आलेल्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्याने दुखल्याची खबर मेंदूपर्यंत पोहोचतच नाही, असे तपासणीच्या अहवालात दीड ओळीत नोंदलेले आहे. त्याखाली आणखी एक ओळ आहे, ती भाऊ कोणाला वाचून दाखवत नसे: याच बिघाडामुळे दोघांना वासही येत नाही.

कॉमिक्समध्ये जनुक बिघडले की माणसाला काहीतरी मिळते आणि त्याचे काहीच जात नाही. कापलेला दंड पुढच्या चौकटीत भरून येतो. पू कोणी काढत नाही, कारण पू कोणी रंगवतच नाही.

या घरात पू ताई काढी. भाऊ चार वर्षांचा असताना जिभेचा शेंडा चावून तुकडा तोंडात घोळवत आईसमोर हसत उभा राहिला होता. आई तेव्हापासून रोज संध्याकाळी दोघांना उघडे करून, बॅटरी घेऊन, टाळूपासून तळव्यापर्यंत तपासू लागली. आई गेल्यावर, म्हणजे गेली अकरा वर्षे, ते काम ताईकडे आले. तिचे बघून संपले की मावशीचे नाक सुरू होई. मावशी काखा, बोटांच्या बेचक्या, कानांमागची घडी हुंगे. तिने तोंड वाकडे केले की ताई समजे, कुठेतरी सडले आहे.

"माझ्या नाकाला सुट्टी नाही बाई," मावशी म्हणे. "नवऱ्याचेसुद्धा मोजे मी कधी हुंगले नाहीत."

ताईला वास येत नसला तरी दिसत सगळे होते. पिवळट-हिरवा ओघळ, कापसाला चिकटून येणारी मऊ कातडी, नखाखालचा काळा लगदा. हात धुऊन ती जेवायला बसे आणि घास तोंडातच फिरत राही. भाऊ मात्र त्या वेळी छताकडे बघत शीळ घाली. स्वतःची जखम त्याने आयुष्यात कधी धुतली नव्हती, की धड पाहिली नव्हती.

लिफ्टदुरुस्तीच्या कारखान्यात तो कामाला होता. एकदा त्याने तापलेला खिळा उघड्या हाताने उचलला आणि सोबत्यांनी त्याचे नाव पोलाद ठेवले. हातावर आलेला फोड आठवडाभर ताईने सांभाळला. नाव मात्र त्यालाच मिळाले. पुढे शहरातल्या कॉमिक्स-मेळाव्याच्या संयोजकाने ते ऐकले. त्याने भावासाठी रुपेरी पोशाख आणि गुडघ्यापर्यंतचे बूट शिवून घेतले, अत्तराची बाटली भेट दिली, आणि मेळाव्याच्या आधीचे आठ दिवस त्याला चौकाचौकांत छायाचित्रांसाठी उभे केले. मेळाव्यात पोलाद उंच मनोऱ्यावरून रंगमंचावर उडी मारणार होता.

सहाव्या संध्याकाळी भाऊ उशिरा आला आणि बूट घालूनच पलंगावर आडवा झाला.

"बूट काढ."

"ताई, अर्धा तास लागतो गं नाड्यांना. वर पोशाखाला चिकटवलेत पण. सकाळी परत तेच."

"पाय बघायचेत."

"माझं काही दुखतंय का?"

हा त्यांच्या घरातला जुना विनोद होता, आणि तो नेहमी ताईच्या डोक्यात जाई. मावशीने नाक पुढे केले आणि लगेच मागे घेतले. "काय अत्तर ओतलंयस रे मेल्या! मला कप्पाळ कळणार यातून!" भावाला अत्तराचा अंदाज नव्हता, ताईलाही नव्हता. बाटली निम्मी झाल्याचे पाहून त्यातून काही समजावे, एवढी त्या दिवशी तिच्यात ताकद नव्हती. खरे सांगायचे तर एक संध्याकाळ ते ओले, पिवळे काही पाहावे लागणार नाही, याचे तिला बरेच वाटले. रोजच्या तपासणीच्या वहीत तिने 'ठीक' असे लिहिले. पुढच्या दोन्ही संध्याकाळी तेच.

मेळाव्याच्या दिवशी ती त्याचा डबा घेऊन पडद्यामागच्या खोलीत गेली, तर पोलाद दोन शाली पांघरून कुडकुडत होता. तिने थर्मामीटर लावला. एकशेतीन.

"बूट काढा याचे," ती म्हणाली.

संयोजक घड्याळ बघत होता. "अहो ताई, वीस मिनिटांत एंट्री आहे. शो झाला की काढू. त्याला काही होतंय का विचारा ना."

"त्याला काय विचारायचं? त्याला मेल्यावरसुद्धा कळणार नाही."

कपडेपटातल्या बाईची कात्री उचलून तिने डावा बूट वरून खाली फाडला. तळातून एक बारीक खिळा वर आला होता आणि भाऊ किमान चार दिवस त्यावर उभा होता. मोजा कातडीसकट निघाला. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट काळे पडले होते. त्यांच्यामधून झिरपलेले दाट, राखाडी काहीतरी बुटात साचले होते. खोलीतल्या सगळ्यांचे हात एकदम नाकावर गेले. संयोजकाने दाराकडे धाव घेतली. सहीसाठी थांबलेली एक बाई ओकारी दाबत मागे सरली आणि तशाच अवस्थेत तिने मोबाइल वर धरून फोटो काढला. पायाकडे बघून ताईला जेवढी किळस आली, त्याहून अधिक त्या बाईच्या हाताची आली.

इस्पितळात दोन बोटे गेली. "आणखी दोन दिवस, आणि गुडघ्याखालचा पाय मला काढावा लागला असता," सर्जन म्हणाले. "ताई, हे किती वर्षं तुम्ही बघणार?"

पाचव्या दिवशी ड्रेसिंगची वेळ झाली. परिचारिकेने ट्रे ठेवला. सवयीने ताई पुढे झाली आणि मध्येच थांबून तिने ट्रे भावाच्या मांडीवर ठेवला.

"तू कर."

"मी? मला नाही जमणार."

"छतावर काही नाही. खाली बघ."

"ताई, उगाच काय..."

"मी तीन दिवस वहीत खोटं लिहिलं. कंटाळा आला होता मला तुझ्या पायाचा. तो परत येईल. बघ."

त्याने पट्टी सोडवली. शेवटचा थर ओला होता, तो ओढताना त्याच्याबरोबर एक पांढरा धागा लांबत आला आणि तुटला. भावाने वाकून पाहिले, बराच वेळ पाहिले. मग सकाळचा चहा भडभडून बाहेर आला.

"शी! हे... हे माझं आहे?"

"तुझंच."

"काय घाण आहे गं ही!" पुन्हा उमासा आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होते. तोंड पुसायच्या आधी त्याने स्वतःहून दुसरा पाय वर घेतला आणि तळवा उजेडाकडे वळवला.

ताईने त्याच्यापुढे भांडे धरले. ती इतकी निवांत झाली होती की हातावर उडालेले शिंतोडे पुसायचे तिला सुचले नाही.