नातेवाइकांना कळवावे

"त्या पातीत नको गं घुसू. तितली धाटं वाळून तारंवानी झाल्यात, हात फाटतील तुजं. हिकडं ये, बांधावर बस आदी. पाणी पी, मंग बोलू."

"बसाया आले का मी, अण्णा? वैनीनं हाक मारली, तुमी बोलवायलाव म्हून. म्हनलं ज्वारी उपटायला मानसं कमी पडली आसतील. हाताला बांदायला फडकं बी आनलंय बघा."

"मानसं कमी हायतच की. पर त्याच्यासाटी न्हाय बोलवलं तंगी."

"मंग कशापायी?"

सिद्रामप्पानं तांब्या पुढं केला आणि नजर ज्वारीत घातली. तंगी म्हणजे धाकटी बहीण. होटगीच्या या पट्ट्यात निम्मं बोलणं कानडीत चालतं, आणि सुंदरम्मा काही त्याची सख्खी बहीण नव्हती. दोघांच्या रानाला एक बांध, तेवढंच नातं. पर ते नातं चाळीस वर्षांचं. तिचा नवरा तिप्पण्णा होटगी स्टेशनावर पॉइंट्समन होता, तो वारून सहा वर्षं झाली. पोरगा एकच, प्रभु. वेल्डिंग शिकला, आखातात गेला, तिथनं कुणा एजंटाच्या नादानं युरोपच्या वाटेला लागला, आणि सव्वादोन वर्षं झाली, त्याचा फोन नाही.

तो प्रभु मेला होता. तेवढं तिला सांगायचं होतं. बेस्तरवारी कळलेलं, आज सोमवार उजाडला.

"जगातनं चोर धरून आनलाव," शिवबाई सकाळी आपल्या वाट्याच्या ओळींची पात धरता धरता म्हणाली होती, "आन बांदापलीकडं चार पावलं टाकायला चार दिस लागलं व्हय? मी न्हाय सांगनार. मी फकस्त हाक मारती. तोंड तुमीच उघडायचं."

बायको खोटं बोलत नव्हती. सिद्रामप्पा कलशेट्टी पोलीस अधीक्षक म्हणून निवृत्त झालेला माणूस. सहा एकर कोरडवाहूचा पोरगा. होटगीवरनं पॅसेंजरनं सोलापूरला कॉलेज केलं, एकोणनव्वद साली फौजदार झाला. अंगानं दांडगा नव्हता, आवाजही बसका. पर माणसाचं बोलणं ऐकून तो कुठल्या पेठेतला, कुठल्या गावचा हे सांगायचा. सोलापुरात राहून मराठी, कानडी, तेलगू, दखनी सगळंच कानावरनं गेलेलं, त्यात नवल ते काय. साहेबांना मात्र त्याचं नवल वाटलं. शांतिसेनेच्या पोलिसांत कोसोव्होला एक वर्ष धाडलं. तिथं बर्फात उभं राहून तो दुसऱ्यांच्या गावची भांडणं सोडवायचा आणि खोलीवर येऊन घरनं नेलेल्या पिठाची भाकरी थापायचा. पीठ संपल्यावर जे हाल झाले, ते अजून सांगतो. पुढं फ्रान्सात तीन वर्षं, देशोदेशीच्या पोलिसांच्या मोठ्या कचेरीत. शेवटची सहा वर्षं दिल्लीत.

गावातल्या लोकांना वाटायचं सिद्रामप्पा पिस्तूल घेऊन विमानानं चोरांच्या मागं पळतो. चोर त्यानं आणले, नाही असं नाही. तीन आणले. बाकी सगळी नोकरी कागदाची. कुठल्या तरी देशात बेवारस मढं सापडायचं, त्याची उंची, दात, ठसे, अंगावरच्या वस्तू यांचा कागद यायचा. इकडं हरवलेल्यांची यादी. ही यादी त्या यादीवर ठेवायची. जुळलं, की दिल्लीतनं मुंबईला, मुंबईहून जिल्ह्याला, जिल्ह्यातनं तालुक्याला. प्रत्येक कागदाच्या शेवटी एकच ओळ, 'नातेवाइकांना कळवावे'. खाली सिद्रामप्पाची सही. शेकड्यानं केल्या असतील. शेवटी कुठला तरी हवालदार मोटारसायकल काढून त्या दारात जाऊन उभा राहायचा. त्या हवालदाराचं पुढं काय व्हायचं, कुणी त्याला पाणी द्यायचं की दगड मारायचं, हे सिद्रामप्पाला पस्तीस वर्षांत ठाऊक झालं नव्हतं.

बेस्तरवारी दिल्लीहून वैजयंतीचा फोन आला. वैजयंती मोहोळची, तिथल्या कचेरीत निरीक्षक, त्याच्याच हाताखाली तयार झालेली. "सर, एक फोटो धाडलाय. जरा बघता का? मला तुमचीच आठवण झाली."

फोटोत चांदीची अंड्यासारखी डबी होती, शिवदाराच्या दोऱ्यात ओवलेली. इष्टलिंगाची. सिद्रामप्पाच्याही गळ्यात तशीच. दिल्लीच्या कचेरीत शिरताना दारातलं यंत्र रोज त्या डबीवर ओरडायचं, रोज तो शर्टातनं काढून दाखवायचा. वैजयंतीनं एकदा विचारलं तेव्हा सगळं सांगितलं होतं त्यानं. लहानपणी जंगमाकडनं लिंग मिळतं, जन्मभर अंगावरनं उतरत नाही, आणि मेल्यावर माणसाला बसवून माती देतात, तेव्हा ते डाव्या तळहातावर ठेवतात. ग्रीसच्या एका बेटावर सापडलेल्या मढ्याच्या गळ्यात ती डबी होती. तिथल्या पोलिसांना आतली काळी वस्तू नशेची वाटली. तपासणीला धाडली, दोन वर्षं ती कुठल्या तरी कपाटात पडली. आता कळलं दगड आहे, तेव्हा फोटो कागदाला लावला.

डबी तशी कुणाचीही असती. पर तिचं झाकण तांब्याच्या तारेनं बांधलं होतं, तीन पीळ देऊन. प्रभुनं शाळेत मारामारी करून कडी मोडली होती आणि तिप्पण्णानं हीच तार गुंडाळली होती. तिप्पण्णा चप्पल, चष्मा, कंदील, सगळं तांब्याच्या तारेनं बांधायचा.

"माझ्या शेजारचं पोरगं हाय ते," सिद्रामप्पा फोनवर म्हणाला.

वैजयंतीनं नाव-गाव लिहून घेतलं. मग म्हणाली, "सर, जिल्ह्याला कागद पाठवते. ठाण्यातनं कुणीतरी जाईल."

"नको. नातेवाइकांना मी कळवतो."

म्हणाला खरं. मग चार दिवस ज्वारी उपटत बसला. साठीच्या माणसानं, गडी मिळत नाही म्हणून का होईना, इतकी उपटू नये. तळहाताची सालटी निघाली तरी थांबेना. नुसती मेल्याची बातमी असती तर त्यानं पहिल्याच दिवशी सांगितली असती. पर त्या बातमीखाली दडलेली गोष्ट वेगळीच होती.

दोन वर्षांमागं संक्रांतीत, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेला तो सुट्टी काढून आला होता. सुंदरम्मा त्याच्या ओट्यावर येऊन बसली. प्रभुचा तीन महिने फोन नाही, ठाण्यात तक्रार देऊ का, म्हणाली. सिद्रामप्पानं पान खाता खाता सांगितलं, "येडी का खुळी? चोरवाटंनं गेलंय पोरगं. तक्रार दिलीस की त्याचं नाव यादीत. धरतील, परत धाडतील, पुना पासपोट मिळायचा न्हाय. कामधंदा लागला की आपसूक फोन करतंय बघ." असली शंभर पोरं बघितलेली त्यानं. त्यातली नव्वद खरंच फोन करायची.

त्या दिवशी प्रभु त्या बेटावरच्या दवाखान्यात थंड पेटीत होता. नोव्हेंबरात किनाऱ्याला लागलेला. मेपर्यंत त्याला ठेवला, वाट बघितली, नाव काही सापडलं नाही, म्हणून पुरून टाकला. नाव सापडणार कसं? यादीतच नव्हतं. ती यादी सिद्रामप्पाच्याच टेबलावर होती.

"अण्णा," सुंदरम्मा म्हणाली. तांब्या तिनं खाली ठेवला होता, प्यायली नव्हती. "प्रभुचं काय कळलंय का?"

"व्हय."

"मेलाय म्हना की."

"व्हय तंगी. मेलाय. समुद्रात नाव उलटली."

ती रडली नाही. हातातलं फडकं तिनं उलगडलं आणि पुन्हा घडी घातली. पलीकडं शिवबाईच्या उपटण्याचा आवाज थांबला होता. "कवा?" तिनं विचारलं.

"आखातातनं गेला त्याच वर्साला. दिवाळीच्या मागनं."

सिद्रामप्पानं फोन काढून डबीचा फोटो दाखवला. तिनं बोटानं ती तार शिवून बघितली, काचेवरच. "ह्येंनी बांदलेली," म्हणाली. मग लगेच, "माती दिली का?"

"दिली."

"बसवून का आडवा?"

इथं खोटं बोलता आलं असतं. कोण बघायला जातंय ग्रीसला? सिद्रामप्पाच्या जिभेवर ते येऊनही गेलं. "आडवा," तो म्हणाला. "त्यास्नी ठाव नव्हतं. आकडा घातलाय थडग्यावर, नाव न्हाय."

"आन लिंग?"

"पोलिसांकडं. ठिवलंय पिशवीत बांदून."

सुंदरम्मानं पदर तोंडाशी नेला आणि तसाच धरला. मग सिद्रामप्पाच म्हणाला, कारण आता गप्प बसलो तर जन्मात बोलणं व्हायचं नाही हे त्याला कळत होतं, "गड्ड्याच्या वक्ताला तू आलीवतीस माझ्याकडं. मी तक्रार दिऊ दिली न्हाय. दिली आसतीस तर तो त्या वक्ती पेटीत हुता, पुरला नव्हता. म्हैन्याभरात पत्ता लागला आसता. हितं आनला आसता. तिप्पण्णाशेजारी बसवला आसता. चूक माजी हाय."

शिवबाई धाटं टाकून जवळ येऊन उभी राहिली होती. तिनं नवऱ्याकडं बघितलं.

"माज्या ध्यानात हाय की," सुंदरम्मा म्हणाली. "तुमी पान खात हुताव. रोज याद करायची मी. सायेब म्हनलाय जित्ता हाय, मंग हाय. शेजारपाजारच्या बाया काय काय बोलायच्या, पर मी म्हनायची, सिद्रामप्पा सायबाला जास्ती कळतंय का तुमाला? त्याच्यावरच भाकर गिळली दोन वर्सं."

आजवर तिनं त्याला तोंडावर कधी साहेब म्हटलं नव्हतं.

"डबी मागवून घिऊ का?" सिद्रामप्पा म्हणाला. "देत्यात ते. कागद केला की येती हितं."

"आनून काय करू? देवळीत ठिवून आरती करू?" ती एकदम चिडून बोलली. "त्याचं लिंग त्याच्या हातात जायला पायजे. तितंच धाडा. डाव्या हातात ठिवा म्हनावं. बसवनं हुत न्हाय तर ऱ्हाऊ द्या, निदान तेवढं करा."

"लिवतो मी."

"लिवू नका. लिवलेलं लई झालं. कुनाला तरी तोंडानं बोला. माज्यासमोर."

त्यानं वैजयंतीला फोन लावला. तिनं ऐकून घेतलं. आधी आईची लाळ तपासावी लागेल, गालाच्या आतनं कापूस फिरवून, म्हणाली. जुळलं तर मग थडगं उघडायची परवानगी, ती तिथलं न्यायालय देईल, नाहीतर देणारही नाही. वर्षही लागेल. नकार आला तर लिंग तिथल्या मातीत वरूनच पुरायची विनंती करता येईल. सिद्रामप्पानं यातलं एक अक्षर न गाळता सुंदरम्माला सांगितलं.

"नकार बी ईल म्हना की."

"ईल. लई करून तसंच हुईल."

"बरं." ती उठली. गुडघ्याला माती लागली होती, झटकली नाही. "कापूस फिरवायला कोन येनार?"

"उद्या ठाण्यातला मानूस ईल दवाखान्यातल्या बाईला घिऊन."

"तुमी बी या. दुसऱ्या कुनाला दारात हुबं करू नका."

"येतो."

"घरी सोडू का गं?" शिवबाईनं विचारलं. सुंदरम्मानं मान हलवली. शेरडं उन्हात बांधलीत, पाणी पाजायचंय, म्हणाली, आणि बांधानं चालायला लागली. बांध संपतो तिथं बोरीचं झाड आहे, त्याला धरून ती खाली बसली. मग आवाज आला. शिवबाई हातातलं सगळं टाकून तिकडं पळाली. सिद्रामप्पा उठला, दोन पावलं गेला आणि थांबला. तिथं त्याचं काम नव्हतं.

ऊन चढलं होतं. उपटून टाकलेली ज्वारी पाथरून ठेवायची होती, कणसं एका अंगाला, बुडखे एका अंगाला, नाहीतर दुपारनंतर कणसं झडायला लागतात. शिवबाईची पात अर्धीच राहिली होती. सिद्रामप्पानं हाताला धोतराचं फडकं गुंडाळलं, ती पात धरली, वाकला, आणि बुडख्याला हात घालून पहिलं धाट उपटलं.