खाटकाची माफी

तो पहिल्यांदा आमच्या दुबईच्या क्लिनिकमध्ये आला तेव्हा दारातून थोडं वाकूनच आत आला. पन्नाशीचा गडी, डोकं तासलेलं, नाक दोनदा मोडून वाकडं जुळलेलं. फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात त्यानं लिहिलं होतं, 'फुटबॉल, पूर्वी.' मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. अल मनखूलला घरी आल्यावर मी नवऱ्याला पेशंटचं नाव सांगितलं, तर तो चहाचा कप तसाच हातात धरून उभा राहिला.

"अगं, पोलंडच्या टीमचा डिफेंडर तो! केवढा स्टार होता. खाटीक म्हणायचे त्याला."

मुलीनं लगेच मोबाइलवर त्याचे जुने व्हिडिओ काढले. धावणाऱ्या माणसाच्या पायावर हा बुटासकट आदळतो आणि माणूस हवेत फिरून पडतो, असे एकामागून एक. दोन मिनिटं बघून ती म्हणाली, "ममा, दॅट्स नॉट फुटबॉल. दॅट्स असॉल्ट."

मी फिजिओथेरपिस्ट. शस्त्रक्रियेनंतर आखडलेले गुडघे वाकवणं हे माझं रोजचं काम, आणि ते दुखतं. पुण्याचे असोत की कैरोचे, माझ्या टेबलावर पेशंट ओरडतात. हा ओरडत नसे. उशीची कड मुठीत धरायचा, कपाळावर शीर ताठ व्हायची, पण तोंडातून आवाज नाही.

"ओरडलात तरी चालेल," मी एकदा म्हटलं.

"आमच्या घरात ओरडलं की दुसरा पट्टा बसायचा, डॉक्टर." मी डॉक्टर नाही असं त्याला किती वेळा सांगितलं, पण तो तसंच म्हणायचा.

आणि मग तो बोलू लागला. त्याचा बाप कोळशाच्या खाणीत होता. पाळी संपवून आला की कमरेचा पट्टा काढायचा, आणि बक्कल असलेलं टोक पुढे धरायचा. पंधराव्या वर्षी यानं उलट हात उचलला. बाप शेगडीवर आदळला, दोन दात पडले. दुसऱ्या दिवशी त्याच बापानं त्याला हाताला धरून गावातल्या क्लबवर नेलं आणि कोचला सांगितलं, "याला मारायची हौस आहे. वापरून घ्या."

त्यांनी वापरून घेतलं. एकोणिसाव्या वर्षी मोठ्या मॅचआधी कोचनं त्याला बाजूला घेतलं. समोरच्या संघात एक विंगर होता, मैदानाच्या कडेनं चढाई करणारा, वीस वर्षांचा, वाऱ्यासारखा पळणारा. कोच एवढंच म्हणाला, "पहिल्या दहा मिनिटांत." सातव्या मिनिटाला यानं त्याचा पाय मोडला.

"हाडाचा आवाज नाही ऐकू आला," तो मला म्हणाला. "बुटातून कळलं. पायाखाली काहीतरी सरकलं. तो किंचाळत होता, आणि त्याच वेळी सगळं स्टेडियम पहिल्यांदा माझं नाव घेऊन ओरडत होतं."

तो विंगर पुन्हा कधी खेळला नाही. हा त्याला भेटायला हॉस्पिटलमध्ये गेला नाही. पुढे मोठे क्लब आले, देशाची जर्सी आली, कॅप्टनपद आलं. एकदा महत्त्वाची मॅच हरल्यावर त्याच्याच क्लबच्या चाहत्यांनी त्याला गाडीतून खेचून काढलं आणि लोखंडी नळीनं डाव्या हाताची तीन बोटं मोडली. एक मोडलं की थांबायचे, त्याच्या तोंडाकडे बघायचे, मग दुसरं. ती बोटं अजून सरळ होत नाहीत. गुडघा संपल्यावर इथल्या एका अकादमीत कोच म्हणून आला.

हे सगळं मी ऐकायचे आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. संध्याकाळी नवऱ्याला तिखटमीठ लावून सांगायचे. तो माणूस माझ्या ताब्यात पडलाय, त्याचा पाय मी वाकवतेय, याचीही एक ऐट होती. सहा महिन्यांनी त्यानं विचारलं, कंपन्यांच्या स्पर्धेत निवृत्त खेळाडूंचा एक दाखवायचा सामना आहे, खेळू का? वीस मिनिटं खेळा, असं मीच लिहून दिलं.

सामना शारजाला होता, हमरिया फ्री झोनमधल्या एका फॅब्रिकेशन कंपनीच्या कामगारांविरुद्ध. डिसेंबरची दुपार, ऊन कोवळं. कामगारांनी दोन्ही बाजूंना गर्दी केली होती, काही जण ड्रम घेऊन आले होते. आयोजकांनी मलाही बॅग घेऊन बोलावलं होतं. कामगारांच्या संघात एक ठेंगणा, काटक माणूस होता, पस्तिशीतला. त्यानं खाटकाच्या पायांमधून बॉल काढला. गर्दी हसली. चार मिनिटांनी पुन्हा काढला. या वेळी मागून कोणीतरी ड्रम वाजवला आणि 'बुढ्ढा, घर जा' असा ओरडा झाला.

हिंदी त्याला कळत नव्हती. हसणं कळलं असावं.

तिसऱ्यांदा तो ठेंगणा माणूस आला तेव्हा बॉल केव्हाच पुढे गेला होता. खाटकानं वळून कोपर चालवलं. टॅकल नव्हता तो. हात मागे नेऊन, नेम धरून मारलेलं कोपर होतं. माणूस जागच्या जागी खाली बसला, मग आडवा झाला. मी पळत पोचले तेव्हा त्याच्या तोंडातून रक्ताची लाळ मातीवर पडत होती, खालचा जबडा एका बाजूला लोंबत होता, आणि तो तुटक आवाजात म्हणत होता, "आई गं... आई..."

"हलू नका, दादा. मी आहे," मी मराठीत म्हटलं. त्यानं माझं मनगट इतकं घट्ट पकडलं की दोन दिवस वळ राहिला.

मान वर केली तर खाटीक उभा होता. चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. व्हिडिओत बघितलेला तोच चेहरा. पुढच्या क्षणी कामगार मैदानात घुसले. कोणी त्याच्या पाठीत लाथ घातली, कोणी जर्सी फाडली. सिक्युरिटीनं त्याला ओढत बाहेर नेलं. पोलिसात केस झाली, त्याचा पासपोर्ट जमा झाला.

मार खाल्लेला माणूस रत्नागिरीकडचा वेल्डर होता. जबडा दोन ठिकाणी मोडला होता. डॉक्टरांनी वरचे-खालचे दात तारेनं बांधून टाकले. मी दर दोन दिवसांनी हॉस्पिटलला जायचे. खाटकाला खेळायची परवानगी देणारा माझ्या सहीचा कागद डोक्यातून जात नव्हता. स्ट्रॉनं तो आमटीचं पाणी प्यायचा, आणि घरी फोन आला की उचलायचा नाही, कारण बायकोला आवाजावरून कळलं असतं.

दहाव्या दिवशी खाटकाचा फोन आला. "मला त्याला भेटायचंय. बोलायला तुम्ही हव्यात."

"तक्रार मागे घ्यावी म्हणून?"

"तेही आहे. पण फक्त ते नाही."

मी वेल्डरला विचारलं. तो येऊ दे म्हणाला.

खाटीक खोलीत आला आणि पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला. "त्याला म्हणावं, मला एक ठोसा मार. हवा तिथे, हवा तितक्या जोरात. मी हात वर करणार नाही."

मला हे सांगायची लाज वाटली, पण सांगितलं. वेल्डरनं बांधलेल्या दातांमागून हळूहळू उत्तर दिलं. "ताई, तेका सांगा, मी मारलं तर माझा व्हिसा जाईल. त्यानं मारलं तर पेपरात फोटो येतो. ठोसा नको."

"मग काय हवं?"

"मला चारशे माणसांसमोर पाडलं. माफी इथं, दार लावून? ही कसली माफी? तिथं येऊन माग. त्याच माणसांसमोर."

मी भाषांतर केलं. खाटीक एक पाऊल दाराकडे सरकला. मी त्याचा गुडघा नको तितका वाकवला होता तेव्हाही तो असा दिसला नव्हता. "ते मला मारतील," तो म्हणाला.

"मारतील," मी म्हटलं. हे वेल्डरला भाषांतर करून विचारलंच नाही.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही कामगारांच्या कॅम्पवर गेलो. माणसं जेवणाच्या हॉलबाहेर उभी होती. वेल्डर पुढे, जबड्याला पट्टी. खाटकानं पाठ करून आणलेलं हिंदी वाक्य म्हटलं, "मैंने गलत किया. मुझे माफ करो." उच्चार वाकडे होते. कोणी हसलं, कोणी शिवी दिली. मग गर्दीतून एक लोखंडी नट आला आणि त्याच्या भुवईवर बसला. कातडं उघडलं, रक्त डोळ्यात उतरलं. त्यानं हात वर केला नाही. वाक्य पुन्हा म्हटलं. दुसरा नट छातीवर आपटला. एक बाटली पायाशी फुटली. मी एका खांबाला धरून उभी होते.

तिसरा नट येण्याआधी वेल्डर वळला. त्याला तोंड उघडता येत नव्हतं. दोन्ही हात पसरून तो खाटकाच्या आणि लोकांच्या मध्ये उभा राहिला आणि घशातून एक असा आवाज काढला की सगळे गप्प झाले. मग बांधल्या दातांनी म्हणाला, "बस. खलास."

गाडीत मी खाटकाच्या भुवईवर गॉझ दाबून धरलं होतं. तो रडत होता, आवाज न करता. "तो विंगर," तो म्हणाला, "अजून त्याच गावात राहतो. माझ्या बहिणीच्या घरापासून दहा मिनिटांवर. तीस वर्षं मी ती गल्ली टाळून जातो."

मी गॉझ बदललं.

वेल्डरनं आठवड्याभरानं तक्रार मागे घेतली. अकादमीनं खाटकाला काढून टाकलं आणि पासपोर्ट मिळताच तो पोलंडला गेला. त्या गल्लीत गेला की नाही, मला माहीत नाही. त्यानं कळवलं नाही आणि मीही विचारलं नाही. वेल्डरच्या तारा निघाल्या तेव्हा मी गेले होते. तोंड जेमतेम दोन बोटं मावतील एवढं उघडत होतं. मी त्याला व्यायाम शिकवले, दिवसातून पाच वेळा, आरशासमोर. त्या सामन्यानंतर त्यानं पहिल्यांदा बायकोला फोन लावला आणि मला थांबायची खूण केली. पलीकडून ती इतक्या जोरात भांडायला लागली की मलाही ऐकू येत होतं. तो जबडा हातानं धरून ऐकत राहिला.