मुग्धाचं स्थळ आणि माझा पियानो

माझ्या बहिणीचं लग्न परदेशातल्या एका म्हाताऱ्या पियानोवादकानं जमवलं. त्याला हे अजून माहीत नाही.

ऐंशी ओलांडलेला हा गृहस्थ जुन्या काळच्या रोमँटिक रचना इतक्या हळुवार वाजवतो, की ऐकताना संत तुकाराम नगरातल्या आमच्या गॅलरीत वाळत घातलेली चादरसुद्धा ढगासारखी तरंगू लागते. त्याची सगळी रेकॉर्डिंग्ज माझ्याकडे आहेत. (हे मी कुणी न विचारताही सांगतो. घरचे त्रासले आहेत.)

त्या रविवारी मुग्धाला बघायला चिखलीची मंडळी येणार होती. आधीचं स्थळ माझ्या पियानोवरच्या व्याख्यानामुळे हातचं गेलं होतं. आणि हा निखिल तर तिला फोटोतच आवडला होता!

"दादा, आज तू फक्त जेवायचं. तोंडातून एक शब्द काढायचा नाही!" मुग्धानं बजावलं.

मी शब्द काढला नाही. फक्त स्पीकर लावला!

आईनं पुरणपोळीचा बेत केला होता. जेवणं उरकली, पंखा संथ फिरत होता, पडद्यातून ऊन झिरपत होतं आणि पियानो सुरू झाला.

निखिलच्या वडिलांनी कान टवकारले. "ही पेटी हाय व्हय?"

"पियानो, काका."

"बरं. मग गाणारा कवा यायचा?"

"गाणारा नसतो. नुसतं डोळे मिटून ऐकायचं."

काकांनी आज्ञाधारकपणे डोळे मिटले. ते उघडलेच नाहीत! पाठोपाठ काकूंची मान कलली. बाबा मुलाच्या नोकरीची चौकशी करायला पुढे सरसावले होते, ते तसेच झुकून घोरू लागले. आई सुपारीचं तबक घेऊन दारालाच टेकली. आता हेही स्थळ माझ्यामुळेच मोडणार! मी घाबरून पियानो बंद करायला उठलो... म्हणजे उठायचं ठरवलं. एवढंच मला आठवतं.

पुढचं मुग्धाकडून कळलं. निखिल चाकणच्या कंपनीत रात्रीच्या तिसऱ्या शिफ्टला. सकाळी घरी जाऊन झोप काढून आलेला, त्यामुळे टक्क जागा. झोपलेल्या घरातून ती दोघं अलगद गॅलरीत गेली. मुलगी बघायच्या कार्यक्रमात कुणाला मिळत नाही असा निवांतपणा त्यांना मिळाला.

"तुमच्याकडे रोज असंच असतं का?" निखिलनं विचारलं.

"रोज! म्हणून तर लग्न करून जायचंय."

दोघं हसत सुटली. तेवढ्यात आत टाळ्यांचा कडकडाट झाला! आम्ही सगळे दचकून जागे. काकांनी डोळे न उघडताच टाळ्या वाजवायला सुरुवात केली, बाबांनी साथ दिली. "अगं बाई, जमलं वाटतं!" म्हणत आईनं पेढेच फिरवले. मुग्धा लाजत आत आली आणि तिचा चेहरा बघून मला भरून आलं.

जाताना निखिल म्हणाला, "दादा, भारीच राव! पण टाळ्या बरोबर वेळेवर कशा आणल्या?"

"मैफलीतलं रेकॉर्डिंग आहे. शेवटी टाळ्या असायच्याच!" मी जाणकारासारखा म्हणालो.

त्या टाळ्या मीही पहिल्यांदाच ऐकत होतो. एरवी मी घोरायला लागलो की आई स्पीकर बंद करते!