मैनाबाईंचे बापू

आईने, बायकोने आणि डॉक्टरने वर्षानुवर्षं सांगूनही न सुटलेली तंबाखू बापूंनी एका कुत्रीसाठी एका दिवसात सोडली. शिकारीच्या तपासासाठी वनखात्यात मैना नावाची जर्मन शेफर्ड आली आणि तिचा सांभाळ बापूंकडे दिला, तेव्हाची ही गोष्ट. "तिचं सगळं काम वासावर," ते म्हणाले, "आन् मी शेजारी घमघमत उभा राहू व्हय?" मग वासाचा साबण गेला, डोक्याचं तेलही गेलं.

मी तेव्हा चाकणला वनरक्षक म्हणून नुकतीच रुजू झाले होते. बापू महाळुंग्याचे. त्यांची बरीचशी जमीन कंपन्यांत गेलेली, भाऊबंद शिफ्टला जाणारे. हे एकटेच खात्यात मजूर म्हणून लागले आणि पुढे मैनेचे हँडलर झाले. कंपन्यांच्या मागच्या बोडक्या डोंगरात ससे, मोर, रानडुकरं आणि कडेच्या उसात बिबटे आहेत, हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. फास लावणाऱ्यांना मात्र ते चांगलं ठाऊक असतं. मोटरसायकलच्या क्लचच्या वायरीचा फास गवतात माणसाला दिसतही नाही.

मैनेला ते अहो-जाहो करत. "चला मैनाबाई", "दमलात का?" मला हसू यायचं. "ताई, आपल्याला न्हाई कळत ते हिला कळतं. मग मान नको द्यायला?" कुणी तिची दोरी ओढली की मात्र त्यांचा आवाज चढायचा. "आपण मागं चालायचं. कुठं जायचं ते आपणच ठरवणार, तर हिला आणलंय कशाला?"

एका सकाळी डोंगराच्या उतारावर बिबट्याची मादी फासात मेलेली सापडली. पुढच्या पंजांची नखं कुणीतरी काढून नेली होती. मैनेने वायर हुंगली आणि ती उतार धरून खाली निघाली. कंपनीच्या बसची वाट बघणाऱ्या माणसांमधून तिने रस्ता ओलांडला आणि गावात शिरली. एका वळणावर बापूंची चाल मंदावलेली मला दिसली. मैना एका गोठ्याच्या दारात जाऊन बसली. तो गोठा दत्तूचा होता. दत्तू म्हणजे बापूंचा चुलतभाऊ, एकाच घरात वाढलेला.

दत्तू कंपनीच्या कपड्यांत बाहेर आला. "दादा, चुकली आसंल कुत्री. घिऊन जा तिला."

भावकी गोळा झाली. दत्तूची आई रडत म्हणाली, "घरच्याच माणसाला धराया आलास का रं?"

बापूंची मूठ दोरीवर आवळली. एक झटका दिला असता तर मैना उठली असती, आणि खरं सांगते, मीही काही बोलले नसते. पण मूठ सैल झाली. "ताई," ते म्हणाले, "आत बघा."

कडब्याच्या पेंढ्यांखाली कामाचा एक हातमोजा होता. त्यात नखं होती.

"मी डुकरासाठी लावला व्हता, दादा," दत्तू पुटपुटला.

"आसंल. पर ही नखं डुकराची न्हाईत."

पंचनामा होईपर्यंत बापू तिथेच उभे होते. परत आल्यावर त्यांनी आधी मैनेला पाणी पाजलं, आणि तिच्या शेजारी जमिनीवर बराच वेळ बसून राहिले.

दत्तूला अटक झाली, नोकरी गेली. जामिनावर तो घरी आला, पण भावकीने बापूंशी बोलणं सोडलं. दत्तूच्या मुलीच्या लग्नाचा मांडव बापूंच्या घरासमोरच पडला. पत्रिका मात्र आली नाही. "पस्तावा होतो का?" असं मी एकदा विचारलं. ते विचार करून बोलले, "वाईट वाटतं. पर दुसऱ्याचं दार आसतं तर वाटलं नसतं, ताई. मग त्ये वाटणं कितपत खरं?" आजही ओळखीचं माणूस 'एवढं सोडून द्या' म्हणायला आलं, की हा प्रश्न मी स्वतःला विचारते. उत्तर दर वेळी सोपं नसतं.

मैना निवृत्त झाली तेव्हा बापूंनी अर्ज करून तिला घरी नेलं. ती म्हातारी होऊन गेली. मागच्या हिवाळ्यात, चार दिवसांच्या आजारात, बापूही गेले.

दहाव्याला मी इंद्रायणीच्या घाटावर गेले. विधी संपल्यावर डोकं भादरलेला एक माणूस माझ्यासमोर येऊन थांबला. दत्तू होता.

"दर पाडव्याला दारात यायचा," तो म्हणाला. "आत न्हाई यायचा. भाईरनंच 'दत्तू' म्हणून हाक मारायचा, जरा थांबायचा, आन् जायचा. मी आत बसून ऐकायचो." त्याने उपरण्याने तोंड पुसलं. "एकदाबी उठलो न्हाई, ताई."