चौघांची देग

अर्जदार : एक वयोवृद्ध विधवा, सध्या मुक्काम सीवूड्स, मुलाच्या फ्लॅटमध्ये. सामनेवाले : रायगडच्या खाडीकाठावरील त्यांच्या सासरच्या गावची जमात, म्हणजे मशिदीचा व समाजाचा कारभार पाहणारी पंचायत. मूळ आरोपी : अर्जदाराच्या सासऱ्यांचे आजोबा, चोरीच्या गुन्ह्यात काळ्या पाण्यावर रवाना. गुन्ह्याची तारीख : कोणासही ठाऊक नाही. निकाहाची तारीख : ठरलेली आहे. साक्षीदार : माणसांपैकी एकही हयात नाही, देग हयात आहे. नावे : लिहू नयेत अशी अर्जदाराची अट आहे. तिचे कारण पुढे येईल.

बेलापूरच्या कचेऱ्यांसमोर गेली अनेक वर्षे माझे टेबल आहे. माझे शिक्षण नववी नापास इतकेच असले, तरी मी लिहिलेला अर्ज समजला नाही म्हणून कोणत्याही साहेबाने आजवर परत पाठवलेला नाही, हे येथे नम्रपणे नोंदवतो. वकील लोक भांडतात. काय घडले ते सरळ लिहिणे हे निराळे काम आहे आणि ते मी करतो.

एका सकाळी अर्जदार आल्या; त्यांना सगळे चाची म्हणतात. सोबत मुलगा होता. त्याचा एपीएमसी मार्केटात कांद्याचा व्यापार. तो उभ्यानेच म्हणाला, “अम्मीला टेन्शन आलंय. तुमी समजवा. मी सांगतो, वाशीहून केटरर नेऊ, तर ऐकत नाय.”

“तू गप ऱ्हा,” चाची म्हणाल्या. “केटररच्या टोपातलं जेवन म्हंजे भाड्याचं जेवन. पोरगी त्याच गावात नांदनार हाय. जलमभर ऐकून घेईल.”

हकीकत अशी. त्या गावात जमातीच्या मालकीची तांब्याची जुनी देग आहे. गावातल्या प्रत्येक लग्नाचे जेवण तीत शिजते. चाचींच्या घराला मात्र ती मिळत नाही, कारण याच घरातल्या पूर्वजाने ती मशिदीच्या कोठीतून चोरली होती. पहाटे ओहोटीच्या वेळी देग खाडीच्या चिखलात रुतलेली सापडली आणि तो तिच्याशेजारी बसलेला सापडला. देग परत आली, माणूस समुद्रापार गेला. तेव्हापासून या घरातले प्रत्येक लग्न भाड्याच्या भांड्यांत उरकले. आता नातीच्या निकाहासाठी चाचींनी देग मागितली, तेव्हा जमातीचे अध्यक्ष सर्वांदेखत म्हणाले, “चाची, सजा पुरी झाल्याचा दाखला आणा आनि देग न्या.”

लोक हसले. ती थट्टा होती, असे मुलाचे म्हणणे. माझे मत वेगळे पडले. पदाधिकाऱ्याने सभेत उच्चारलेले वाक्य हा आदेश असतो, आणि आदेशाची पूर्तता करता येते. मी काम स्वीकारले.

बेपत्ता माणसाच्या अर्जात जे प्रश्न घ्यावे लागतात तेच मी प्रथम घेतले. उंची? ठाऊक नाही. वर्ण? घरातल्यासारखाच असणार. शेवटचे कोणी पाहिले?

“त्याच्या बायकोनं. बंदरावर.”

“अंगावर काय होते?”

“बेड्या,” चाची म्हणाल्या.

मी तसे लिहून घेतले.

त्यानंतर नातेवाइकांचे जबाब झाले. नेरूळच्या चुलत दिरांच्या म्हणण्यानुसार तो अंदमानात सुटला, तिथेच घर केले व नारळ लावले. उरणच्या नणंदेच्या म्हणण्यानुसार तो जहाजातच वारला आणि त्याला पाण्यात सोडले. तिसऱ्या एका नातेवाइकाने, तो त्याही पलीकडच्या मुलखात जाऊन श्रीमंत झाला, असे सांगितले व त्याच्या मिळकतीत वाटा निघतो का, अशी विचारणा केली. मुंबईत जुने दप्तर पाहण्यास गेलो असता तेथील बाईंनी जहाजाचे नाव व साल विचारले. माझ्यापाशी एक देग होती. त्यांनी चहा पाजून परत पाठवले.

दाखला मिळणार नाही हे उघड झाले. तथापि मुद्देमालाचे वर्णन अर्जात असावे लागते, म्हणून मुलाच्या कांद्याच्या टेम्पोत बसून मी गावी गेलो. मशिदीची व्यवस्था पाहणाऱ्या गृहस्थांनी कोठी उघडली. देग पालथी होती. ती उताणी करावी, मला तोंडाचे माप घ्यायचे आहे, असे मी सांगितले.

“आत्ता? कसं जमल?” ते म्हणाले. “चौघं लागतात. कड्यांतनं बांबू घालायचे, पुढं दोघं, मागं दोघं. एकट्याच्यानं हलत बी नाय.”

मी खात्रीसाठी रेटून पाहिले. हलली नाही. माप राहूनच गेले. मापाच्या जागी ‘चौघे लागतात’ एवढेच लिहून घेतले.

परतल्यावर थेट सीवूड्सला गेलो. चाची भाजी निवडत होत्या. “चाची,” मी म्हणालो, “ही देग एकट्याने चोरता येत नाही.”

“नायच येत.”

“मग बाकीचे तिघे?”

“म्हाईत हाय. बंदरावर जाताना बायकोला सांगून गेला. तिनं सुनेला सांगितलं, सुनेनं माज्या सासूला, सासूनं मला.” भाजीवरचे लक्ष न काढता त्या म्हणाल्या, “तिगांचीबी घरं गावात हायेत. त्यांच्या पोरींची लग्नं त्याच देगीत होतात.”

“आणि तुम्ही सभेत गप्प बसलात? अध्यक्ष हसत होते तेव्हा?”

“अध्यक्षाचं घर कुठलं, ते मला इचारू नको.” मग म्हणाल्या, “भाऊ, त्यानं मार खाल्ला, दर्या पार केला, पन नावं सांगितली नाय. आता मी देगीसाठी सांगू?”

माझ्या व्यवसायात असा पेच पूर्वी आला नव्हता. पुरावा हाती आहे आणि अर्जदार तो दाखल करू देत नाही. मी त्यांना कायदा समजावला; त्यांनी मला जेवायला बसवले. निघताना एवढेच म्हणाल्या, “नाव न घेता लिवता येत आसल तर लिव. नाय तर केटरर हायच.”

दोन मसुदे फाडले. तिसरा त्यांना वाचून दाखवला, तेव्हा शेवटच्या कलमापाशी त्यांनी ओढणीचे टोक तोंडाला लावले आणि त्यांचे खांदे हलू लागले. मुलगा घाबरून पाण्याचा ग्लास घेऊन आला, पण त्या हसत होत्या. मग त्यांनी अंगठ्याऐवजी सही केली, हळूहळू, पूर्ण. तो मसुदा सामनेवाल्यांकडे पोहोच घेऊन दिला आहे. त्यातील विनंती येथे जशीच्या तशी उतरवतो.

१. अर्जदाराच्या घरातील इसमाने शिक्षा पूर्ण भोगली की नाही, याचा दाखला उपलब्ध नाही. तो परत आला नाही, हे मात्र सामनेवाल्यांस मान्य असावे.

२. सदर घराने त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या भाड्याच्या भांड्यांत अन्न शिजवले आहे. तेही शिक्षेत धरावे.

३. नातीच्या निकाहासाठी देग द्यावी व तसे लेखी उत्तर निकाहापूर्वी मिळावे.

४. देग उचलून नेण्यासाठी अर्जदाराच्या घरातून पूर्वीप्रमाणेच एक माणूस हजर राहील. बाकीचे तीन सामनेवाल्यांनी आपसांत ठरवून पाठवावेत, ही विनंती.