गाडीचं उघडं तोंड

माझ्या धाकट्या भावाचा साखरपुडा मोडता मोडता राहिला, आणि त्यात मुलाचा, मुलीचा किंवा पत्रिकेचा काहीही दोष नव्हता. दोष माझ्या गाडीचा होता. (निदान मुलीच्या मामांच्या दारात पोचेपर्यंत माझं तसं प्रामाणिक मत होतं.)

गाडी म्हणजे जुनी, छोटी, डिझेलवर चालणारी. घेतली तेव्हा अगदी गरीब गाय होती. मग मी तिला कल्याणच्या विकीकडे नेलं. विकी गाडीला लॅपटॉप जोडतो आणि इंजिनच्या डोक्यातला प्रोग्रॅम बदलतो. त्याने इंजिनला जास्त डिझेल मिळेल अशी सोय केली, सायलेन्सर मोकळा केला, गाडी चार बोटं खाली बसवली, आणि हवेच्या फिल्टरचा बंद डबा काढून तिथे लालभडक, उघडा, भोपळ्याएवढा फिल्टर लावला.

"दादा, आता इंजिन मोकळा श्वास घेणार!" विकी म्हणाला.

इंजिनने श्वास घेतला आणि आमच्या गावातल्या कोंबड्यांचा रोखला गेला! खर्डीच्या फाटकापाशी मी गिअर बदलला की घरी आई चहाचं आधण ठेवायची. गाडी पळायची मात्र झकास. फक्त गतिरोधक आला की सगळ्यांनी खाली उतरायचं, रिकाम्या गाडीने तो ओलांडायचा आणि मग सगळ्यांनी परत बसायचं. एवढी गैरसोय वेगासाठी सोसावीच लागते, असं मी बायकोला, म्हणजे मनीषाला, सांगायचो. ती उतरता उतरता ऐकायची.

अशात धाकट्या भूषणचं लग्न ठरलं. मुलगी म्हशाजवळच्या गावची. तिला वडील नाहीत, त्यामुळे घरचा सगळा कारभार मामांच्या हातात. बघण्याच्या कार्यक्रमात मामांनी भूषणला पसंत केलं आणि चहाची कपबशी खाली ठेवत म्हणाले, "पोरगा चांगला हाय. पण याचा थोरला भाव गाडीच्या नादी लागलाय आसं ऐकलं. घरात येक नादी आसला का दुसऱ्याला लागन लागाया टाइम नाय लागत."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "मामा, नाद नाय, शास्त्र हाय! साखरपुड्याच्या दिवशी बघा. नवरदेव, साडी आणि साखरेचा पुडा मी माझ्या गाडीतून आणतो. बाकीचे टेम्पोतून निवांत येतील. टेम्पो पोचायच्या आधी आमचं दुसरं सरबत झालेलं असेल!"

"बघू," मामा म्हणाले. "येळ टळली तं मी पुढचं काय बोलणार नाय."

भूषणचा चेहरा पडला. त्याला मुलगी मनापासून आवडली होती. परत येताना तो एवढंच म्हणाला, "दादा, टेम्पोनं गेलो तं नाय चालणार का?" मला त्याचं फार वाईट वाटलं. सख्ख्या भावाचा माझ्या इंजिनवर विश्वास नाही!

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी आमच्या खळ्यावर भाताची मळणी चालली होती. हल्ली सगळे यंत्राने मळतात, पण बाबा अजून बैलच फिरवतात. बैल भात तुडवता तुडवता खायला लागतात, म्हणून त्यांच्या तोंडाला दोरीची जाळी बांधायची. तिला मुसकी म्हणतात. आमच्याकडे बिनमुसकीचं जनावर खळ्यावर पाय ठेवत नाही, हा बाबांचा नियम. आता आमच्या दारात सपाट, सारवलेली जागा म्हणजे तेवढं खळंच. बाकी सगळीकडे गाडीचं पोट घासतं. तेव्हा मी गाडी थेट खळ्याच्या कडेला लावली, बोनेट उघडलं आणि बघायला जमलेल्यांसमोर इंजिन जोरात गुरगुरवलं.

"बघा! आता ही मोकळा श्वास घेते!"

उडणारा भुसा त्या लाल फिल्टरकडे धावत होता. मला ते दृश्य फार देखणं वाटलं. बाबा मात्र सूप हातात धरून बराच वेळ फिल्टरकडे बघत उभे राहिले. मला वाटलं, शेवटी बाबांनाही माझं शास्त्र पटलं.

सकाळी मनीषाने बोनेटवर झेंडूचा हार आडवा-उभा असा चिकटपट्ट्या लावून घट्ट बसवला आणि बजावलं, "म्हशाला पोचेपर्यंत याला हात लावायचा नाय. शुभकार्याला निघालेला हार तोडत नाहीत." मी गाडी सुरू केली. ती खोकली. म्हटलं, थंडी आहे. ॲक्सिलरेटर दाबला. मागून काळ्या धुराचा असा लोट निघाला की निरोप द्यायला उभी असलेली शेजारीण दिसेनाशी झाली!

शहापूर येईपर्यंत आमच्या पुढे एसटी गेली. किन्हवलीच्या अलीकडे भाताच्या पेंढ्यांनी भरलेला ट्रॅक्टर गेला. चढावर तर एक आजोबा सायकल हातात धरून चालले होते. त्यांनी बराच वेळ आम्हाला सोबत केली.

मी विकीला फोन लावला. "अरे, काळा धूर टाकतेय! पिकअपच नाय!"

"दादा, काळा धूर म्हणजे पॉवर! टेन्शन नाय लेनेका!"

"पॉवर आहे म्हणतो," मी मागे वळून सांगितलं.

"मग ती सगळी मागनंच जातेय," मनीषा म्हणाली. "बोनेट उघडून बघा की."

"हार कोण तोडणार?"

तिने धुरासाठी खिडकीची काच वर केली. हाराचा नियम तिचाच होता.

त्यातून गतिरोधक! दर वेळी भूषण त्याच्या मोतिया रंगाच्या कुर्त्यात खाली उतरायचा, गाडीच्या मागे उभा राहायचा, आणि मी गाडी पुढे काढताना जोर द्यायचो. सरळगाव येईपर्यंत कुर्ता मिशरीच्या रंगाचा झाला होता. भूषणला मात्र आम्ही काही सांगितलं नाही. बिचाऱ्याला आधीच टेन्शन होतं.

तेवढ्यात मागून टेम्पो आला. आमच्यानंतर निघालेला आमचाच टेम्पो! पुढच्या सीटवर बाबा बसले होते. आमच्या बरोबरीला आल्यावर ते खिडकीतून अर्धे बाहेर वाकून काहीतरी ओरडायला लागले. माझ्या सायलेन्सरपुढे काय ऐकू येणार? मग त्यांनी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला आणि काहीतरी ओढून काढल्यासारखं केलं. पुन्हा तोंडावर हात, पुन्हा ओढल्यासारखं.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"जेवणाला उशीर होतोय म्हणत असतील," भूषण म्हणाला.

"तंबाखू थुका म्हणतायत," मनीषा म्हणाली.

"मी तंबाखू खातच नाय!"

"मग त्यांना संशय असेल."

टेम्पो पुढे निघून गेला. बाबा दिसेनासे होईपर्यंत तोंडावर हात मारून घेत होते.

आम्ही पोचलो तेव्हा गुरुजी दारात येऊन रस्त्याकडे बघत होते आणि मामा कमरेवर हात ठेवून उभे होते. वेळ टळायच्या बेताला आली होती. टेम्पोतल्या मंडळींचं दुसरं सरबत झालं होतं. गाडीने मांडवात शेवटचा लोट सोडला आणि त्यातून आमचा नवरदेव प्रकट झाला. त्याला बघून मुलीच्या आईने पदर तोंडाला लावला.

"ह्यो नवरदेव?" मामा म्हणाले. "आन ह्ये तुमचं शास्तर?"

भूषणच्या डोळ्यांत पाणी आलं. (त्याने नंतर धुरामुळे आलं असं सांगितलं. ते खरं नव्हतं.) मला खरोखर लाज वाटली. तेव्हाच मी तोंड आवरायला हवं होतं. पण मी म्हणालो, "मामा, डिझेल भेसळीचं असणार! इंजिन एकदम टॉप आहे. असं इंजिन अख्ख्या मुरबाड तालुक्यात नाय. दाखवतो तुम्हाला!" आणि शुभ-अशुभ विसरून मी हार तोडला आणि सगळ्या पाहुण्यांसमोर बोनेट उघडलं.

लाल फिल्टर कुठेच दिसत नव्हता. त्याच्या जागी बैलाची मुसकी होती! आत गोणपाटाचा दुहेरी तुकडा, वरून मुसकी, आणि मागे दावणीला मारतात तशी पक्की गाठ.

सगळा मांडव बोनेटवर वाकला. मग बाबा गर्दीतून पुढे आले.

"रस्त्यात कवापास्नं सांगतोय, मुसकी काढ म्हणून! मीच बांदली कालच्याला. खल्यावं उघडं तोंड ठेवून जनावर उभं करतात व्हय रे? सगला भुसा खात व्हती ती! सकाली सोडाया इसरलो."

मामांनी वाकून गाठ सोडली. गोणपाट उलटं केलं, झटकलं. त्यातून ओंजळभर भुसा आणि दोन-चार भाताचे दाणे मांडवात पडले. मामांनी त्या दाण्यांकडे बघितलं, बाबांकडे बघितलं, आणि ते हसायला लागले. ते इतके हसले की त्यांना मांडवाच्या खांबाला धरावं लागलं. मग गुरुजी हसले, मुलीची आई हसली, आणि आतल्या दारामागून मुलीच्या हसण्याचा आवाज आला तेव्हा भूषणही हसला.

"पावनं," मामा डोळे पुसत बाबांना म्हणाले, "ज्या घरात गाडीलाबी मुसकी बांदतात, त्या घरात पोर द्याया मला कसली भीती? गुरुजी, घ्या चालू करून!"

भूषणला मामांचाच सदरा घातला. तो त्याला गुडघ्यापर्यंत येत होता, पण साखरेचा पुडा वेळेत मुलीच्या हातात पडला. परतताना गाडी अशी सुसाट पळाली की काय सांगू! पण कौतुक करायला कोणी नव्हतं. सगळे, मनीषासकट, टेम्पोत बसले होते.

आता गाडीला फिल्टरचा जुना बंद डबा परत बसवलाय. लग्नात मामांनी मानपान केला. बाबांना धोतर, काकांना टोपी-टॉवेल. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी पिशवीतून नवीकोरी, रंगीत गोंडे लावलेली मुसकी काढली आणि सगळ्या वऱ्हाडासमोर माझ्या हातात ठेवली.

"मामा, गाडीला आता हिची गरज नाय," मी म्हणालो, आणि तोंड उघडलंच आहे म्हणून बंद डब्यामुळे मायलेज कसं वाढतं ते समजावून सांगायला लागलो.

मनीषाने माझ्या हातातली मुसकी घेतली, माझ्या तोंडासमोर धरून बघितली आणि म्हणाली, "मामा, माप अगदी बरोबर आणलंत."